दहा मिनिटांत सत्तर मीटर

“गाड़ी खड़ी थी, मॅडम. पूरे दस मिनट खड़ी थी. और उधर आदमी ख़त्म हो गया.”

तिवारी सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिवारी सर आमचे प्रोजेक्ट हेड. अॅम्ब्युलन्स चालवण्याचं सरकारी काम आमच्या कंपनीकडे होतं आणि मी तिथे क्वालिटी ऑडिटर होते. म्हणजे अॅम्ब्युलन्सला हात न लावता अॅम्ब्युलन्सवर नजर ठेवणारी बाई. कॉल कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली, हे मी रायपूरच्या ऑफिसात बसून स्क्रीनवर बघायचे आणि महिनाअखेरीला सही करायचे.

छत्तीसगडचं मंत्रालय नव्या रायपूरला गेलं, त्याच्या नंतरची ही गोष्ट. तिकडे रस्ते मोठे आणि माणसं थोडी, अशी परिस्थिती होती. आमची एक गाडी तिथल्या एका चौकात उभी असायची. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास रस्त्याकाठच्या एका गावातून कॉल आला. नवी राजधानी आखताना जी गावं मधे सापडली आणि तशीच राहिली, त्यांतलं एक. गवंडीकाम करणाऱ्या माणसाच्या छातीत कळ आली होती. गाडी पोचली तेव्हा तो गेलेला होता.

लॅपटॉपवर जीपीएसचा रिपोर्ट होता. एक ओळ तिवारी सरांनी पिवळी केली होती. अकरा बारा ते अकरा बावीस. स्पीड, ताशी शून्य दशांश चार किलोमीटर.

“कछुआ भी इससे तेज़ चलता है,” ते म्हणाले. “शेंडे का टर्मिनेशन बना रहा हूँ. आपकी ऑडिट रिपोर्ट चाहिए. परसों तक.”

शेंडे म्हणजे त्या गाडीचा ड्रायव्हर. आमच्याकडे ड्रायव्हरला पायलट म्हणायची पद्धत होती. मान पायलटचा, वागणूक ड्रायव्हरची. हा मूळचा भंडाऱ्याकडचा, वडील रेल्वेत होते म्हणून रायपुरात वाढलेला. नऊ वर्षं गाडी चालवत होता. त्याला मी बोलावून घेतलं. तो आला आणि उभाच राहिला.

“बसा.”

“नाही जी मॅडम. मी उभा होतो म्हणूनच तर हे सारं झालं म्हणतेत ना, आता उभाच राह्यतो.”

मला राग आला, पण त्याच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते.

“कुठे थांबला होता?” मी विचारलं.

“कुठंच नाही थांबलो. मी पळून राहिलो होतो मॅडम. सायरन लावून. गाव उजव्या हाताले हाये. मी इकडच्या रस्त्यानं गेलो. मधात डिव्हायडर, मधात बसच्या रस्त्याचं रेलिंग, मंग पुन्हा डिव्हायडर. गावासमोरचा कट बंद केला ना त्यायनं. फुलझाडं लावली. मंग मले समोर जा लागलं, साडेचार किलोमीटर. तिथून फिरलो, साडेचार वापस.”

कट म्हणजे दुभाजकातली वळायची जागा. आधी तो गावासमोरच होता. सुशोभीकरणात तो बुजला होता हे मलाही माहीत होतं. गावकऱ्यांनी मोटारसायकल जाईल एवढी फट पाडली होती, तीही खांब रोवून बंद केली.

“स्ट्रेचर घेऊन पायी जाता आलं नसतं?”

“थेच रोज इचारून राहिलो मी सोताले,” तो म्हणाला. “दोन रेलिंगं चढून स्ट्रेचर कसं नेता? पण जा लागत होतं. काहून नाही गेलो, म्हणते मन.”

“लॉगबुक?”

“नऊ किलोमीटर लिवून हाये. पण साहेब म्हणतेत, लॉगबुक तूच भरतं.”

पेशंटजवळ बसणारा जो प्रशिक्षित कर्मचारी असतो, त्यानंही गाडी पळत होती असंच लिहून दिलं होतं. तिवारी सरांनी त्याच्यावर शेरा मारला होता, ‘दोनों मिले हुए हैं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गावात गेले. जायला कुणी सांगितलं नव्हतं. ऑडिटरनं गावात जायचं नसतं, स्क्रीनवरच राहायचं असतं. गेलेल्या गवंड्याची बायको दारात बसली होती. तिचा दीर बोलत होता. तो हिंदीत, रागानं सांगत होता की गाडी आली, समोरून गेली, आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो, हात दाखवत होतो, तरी पळून गेली. दहा मिनिटांनी आली.

म्हणजे दोन आरोप झाले. कंपनी म्हणत होती गाडी उभी होती. गाव म्हणत होतं गाडी पळाली. दोन्ही खरे असूच शकत नाहीत, पण शेंडेला फासावर चढवायला दोन्ही चालत होते.

मी निघाले तेव्हा ती बाई पहिल्यांदा बोलली. छत्तीसगढीत. “अतेक जोर से जात रिहिस गाड़ी, फेर हमर कोती काबर नइ आवत रिहिस?”

एवढ्या जोरात जात होती गाडी, मग आमच्याकडे का येत नव्हती?

मी काहीतरी पुटपुटले आणि गाडीत बसले. रस्त्याला लागल्यावर तिचा प्रश्न मला कळला. मी एम.एस्सी. फिजिक्स आहे. कॉलेजात लागायची स्वप्नं होती, लागले ऑडिटला. पण पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात ते तरी मी विसरायला नको होतं.

ज्यांना शाळा सोडून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगते. मी तात्यापाऱ्यात राहते. घरून निघते, गोलबाजारात जाते, कुकरची रिंग घेते, घरी परत येते. समजा सगळी पायपीट दोन किलोमीटरची झाली आणि अर्धा तास लागला. दोन किलोमीटर हे अंतर. ते भागिले वेळ म्हणजे चाल, इंग्रजीत स्पीड. ताशी चार किलोमीटर. पण मी निघाले कुठून आणि पोचले कुठे? घरून घरी. निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंत सरळ रेघ ओढली तर तिची लांबी शून्य. या सरळ रेघेला विस्थापन म्हणतात. विस्थापन भागिले वेळ म्हणजे वेग, इंग्रजीत व्हेलॉसिटी. वेगाला दिशा असते. माझा सरासरी वेग शून्य आला. पाय मात्र दुखतात, कारण पायांना अंतर कळतं, विस्थापन कळत नाही.

शेंडेची गाडी नऊ किलोमीटर धावली होती. दहा मिनिटांत. ताशी चोपन्नची चाल. पण अकरा बाराला ती गावाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे होती आणि अकरा बावीसला गावाच्या तोंडाशी, रस्त्याच्या अलीकडे. मधे रेघ ओढली तर सत्तर मीटर. सत्तर मीटर दहा मिनिटांत म्हणजे ताशी शून्य दशांश चार. रिपोर्टमधला आकडा जसाच्या तसा जुळला.

ऑफिसात आल्यावर मी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीतल्या मुलाला फोन लावला. बेंगळुरूला बसायचा. बोलायला चांगला होता.

“स्पीड का कॉलम कैसे निकालते हो?”

“मॅम, आपके पॅकेज में हर दस मिनट में लोकेशन आता है. दो लोकेशन के बीच का डिस्टन्स, डिव्हाइडेड बाय टाइम.”

“कौन सा डिस्टन्स? रोड का?”

“नहीं मॅम, डायरेक्ट. शॉर्टेस्ट.”

“हमारी गाड़ी पतंग है क्या?”

तो हसला. मग म्हणाला, “मॅम, टेस्टिंग तो आपके यहाँ ही हुई थी. अप्रूव्हल भी आपका है.” आणि पाच मिनिटांत त्यानं मेल पाठवली. दोन वर्षांपूर्वीची. खाली माझं नाव, माझी सही. ‘स्पीड व्हेरिफाइड. फाउंड ओके.’

मला ते टेस्टिंग लख्ख आठवलं. एक गाडी घेऊन आम्ही नव्या रायपूरला गेलो होतो. तिथले रस्ते फूटपट्टीनं आखलेले. सरळ नाकासमोर दहा मिनिटं गेलो, स्पीडोमीटरला साठ, रिपोर्टला साठ. वा, म्हटलं. सरळ रस्त्यावर अंतर आणि विस्थापन एकच येतं, त्यामुळे चूक दिसायला जागाच नव्हती. वळून परत यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. त्या दिवशी ऊन फार होतं आणि मला जेवायला घरी यायचं होतं. नंतर दोन वर्षं जुन्या रायपूरच्या गल्लीबोळांत फिरणाऱ्या गाड्यांचे आकडे कमी यायचे. मी त्यांना ट्रॅफिक समजत होते आणि ड्रायव्हरांना ‘सुस्त’ असा शेरा देत होते. शेंडेलाही एक दिला होता.

आकडा तोंडी सांगून कुणी ऐकत नाही. म्हणून मी ट्रायल घ्यायचं ठरवलं. सर्व्हिसिंग झालेली गाडी एकदा चालवून बघतात, त्यालाच ट्रायल म्हणतात. शेंडेचीच गाडी वर्कशॉपमधून बाहेर पडत होती. शेंडे तेव्हा सस्पेंड होता, आणि सस्पेंड माणसानं स्टीअरिंगला हात लावायचा नाही असा नियम आहे. मी किल्ली शेंडेच्या हातात दिली.

गावासमोर, पलीकडच्या बाजूला आम्ही थांबलो. डिव्हाइस दर दहा मिनिटांनी ठिकाण पाठवायचं, ती वेळ मी घड्याळात लावून घेतली. दोन बावीस झाले.

“चला.”

त्यानं गाडी काढली. सायरन नाही, बाकी सगळं तसंच. मी काट्याकडे बघत होते. साठ, पासष्ट, वळणावर पंधरा, पुन्हा साठ. कटपाशी एक मोठा ट्रेलर वळत होता, तिथे अर्धं मिनिट गेलं. गावाच्या तोंडाशी आलो तेव्हा दोन बत्तीसला काही सेकंद कमी होते. किलोमीटरचा आकडा बरोबर नऊनं वाढला होता.

तो स्टीअरिंगवर हात ठेवून गावाकडच्या रस्त्याच्या कडेला बघत होता. “थे बाई तिथंसा उभी होती मॅडम,” तो म्हणाला. “मले हात दाखवून राहिली होती. मी पाह्यलं तिले. तिनं बी मले पाह्यलं. अन् मी समोर निंगून गेलो.”

“तुमची चूक नव्हती.”

“थे तुमी लिवून देसान ना?”

“देईन,” मी म्हटलं.

ऑफिसात रिपोर्ट उघडला. दोन बावीस ते दोन बत्तीस. स्पीड, शून्य दशांश चार.

मी दोन्ही रिपोर्ट, किलोमीटरच्या काट्याचे फोटो आणि एक नकाशा घेऊन तिवारी सरांकडे गेले. वाटलं होतं, समजावायला वेळ लागेल. नाही लागला. माणूस इंजिनिअर होता. पाच मिनिटांत त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मतलब गाड़ी चल रही थी.”

“चोपन्ननं चालत होती सर. तुमच्या माझ्या स्क्रीनला ती उभी दिसली, कारण स्क्रीन दोन टोकंच बघते. मधला रस्ता बघतच नाही.”

मी नेहमीसारखी मराठीत बोलले. त्यांना समजायचं, ते हिंदीत उत्तर द्यायचे. आमचं असंच चालायचं.

“यह लिखकर देंगी आप?”

“हो.”

“ठीक है. फिर सुनिए.” त्यांनी दार लोटून घेतलं. “यह कॉलम ग़लत है, तो दो साल की सारी रिपोर्ट ग़लत है. वही रिपोर्ट हम सरकार को दे रहे हैं. जितने पायलट हटाए, सब कोर्ट जाएँगे. पूछेंगे, पास किसने किया था? फिजिक्स की एम.एस्सी. ने. पहला नाम आपका आएगा, मॅडम. दूसरा मेरा.”

“आणि शेंडे?”

“शेंडे को मैं चोर नहीं लिखूँगा. टर्मिनेशन नहीं करूँगा. इतना मेरा वादा.” मग ते म्हणाले, “और वह कट किसने बंद किया, यह भी लिखेंगी क्या? उसी विभाग के साहब हमारी मीटिंग में बैठते हैं.”

मी घरी आले. आईचे डोळ्याचे थेंब, भावाचं शिक्षण, घराची डागडुजी, हे सगळं मी त्या संध्याकाळी स्वतःला सांगितलं. भित्रेपणाला कारणं सांगायला बसलं की कारणं कमी पडत नाहीत. खरं एवढंच होतं की आपलं नाव पहिलं येईल या वाक्यानं माझी गाळण उडाली होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑडिट रिपोर्ट दिला. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे. ‘सद्यःस्थितीतील रिपोर्टिंग पद्धतीत सुधारणेस वाव असून, सदर घटनेत चालकाचा निष्काळजीपणा निर्विवादपणे सिद्ध होत नाही.’ इंग्रजीत लिहिलं होतं, अर्थ हाच. गाडी चालत होती, हे साधं तीन शब्दांचं वाक्य त्यात कुठेही नव्हतं. ट्रायलचा रिपोर्ट जोडला नाही. नकाशा जोडला नाही. सुधारणेस वाव आहे, असं आपल्या ऑफिसांत तेव्हाच लिहितात जेव्हा घर पेटलेलं असतं आणि लिहिणाऱ्याला पाणी आणायला जायचं नसतं.

तिवारी सरांनी शब्द पाळला. टर्मिनेशन झालं नाही. दोन महिन्यांनी शेंडेचं कंत्राट संपलं आणि पुढे वाढवलं नाही. वाढवलं नाही याला कारण द्यावं लागत नाही. गावाला कळवलं गेलं की संबंधित चालकाला सेवेतून कमी करण्यात आलं आहे. गावाचं समाधान झालं असं फायलीत लिहिलं. ती बाई काय म्हणाली हे विचारायला कुणी गेलं नाही, मीही नाही.

सॉफ्टवेअरमध्येही सुधारणा झाली. कॉलमवरचं ‘स्पीड’ हे नाव काढून ‘मूव्हमेंट इंडेक्स’ असं नाव दिलं. आतला हिशेब तोच राहिला. कटचं म्हणाल तर तोही उघडला, पण एका मोठ्या कार्यक्रमासाठी, तीन दिवस. मंडपाकडे जायला गाड्यांना सोपं पडावं म्हणून फुलझाडं उचलून बाजूला ठेवली होती. चौथ्या दिवशी पुन्हा लावली. पाणी घालायला रोज टँकर येत असे, तो सावकाश चालायचा आणि कुणाच्याही रिपोर्टमध्ये येत नसे.

मी वर्षभरानं ती नोकरी सोडली. आता पोरांना कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. पहिल्याच आठवड्यात चाल आणि वेग येतात. पोरं कंटाळतात, कारण पेपरात त्यावर मोजके मार्क असतात. मी मात्र तो धडा चार दिवस शिकवते. एखादा हुशार पोरगा म्हणतो, “मॅम, फर्क तो सिर्फ़ डायरेक्शन का है ना?” मी म्हणते, हो, फक्त तेवढाच. त्यांना मी एक सवय लावते. कुणी आकडा पुढे केला की आधी विचारायचं, कोणत्या वाटेनं मोजला? आणि उत्तर मिळेपर्यंत सही करायची नाही. दुसरं एक मी त्यांना सांगत नाही, ते इथे सांगते. उत्तर कळल्यावरही सही करायला जी हिंमत लागते, ती कुठल्या धड्यात नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी मी गोलबाजारात भांडी घ्यायला गेले होते. एका मालाच्या ऑटोतून पातेल्यांची पोती उतरत होती. ड्रायव्हर शेंडे. केस पिकले होते. मी तोंड फिरवून जाऊ शकले असते. त्यानंच हाक मारली.

“मॅडम, ओळखलं का जी?”

“ओळखलं. बरे आहात?”

“बरा हाये. पोट्टी बारावीले हाये, फिजिक्स हाये तिले. तुमचा क्लास हाये म्हणते तात्यापाऱ्यात. पाठवू का?”

“पाठवा,” मी म्हटलं. “नक्की पाठवा.”

त्यानं शेवटचं पोतं उतरवलं, गमछ्यानं हात पुसले. मग अगदी साधेपणानं, भाव विचारावा तसं त्यानं विचारलं, “मॅडम, थ्या रिपोर्टमंदी मी अजून उभाच हाये का?”

मागे गाड्या अडल्या होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो उत्तरासाठी थांबला होता.

“हव,” मी म्हटलं. “उभेच आहात.”

त्यानं मान हलवली, ऑटो सुरू केला आणि समोर रस्ता बंद होता म्हणून लांबून वळसा घेऊन गेला.